फुकट वाटायच्या अंकावरचा बारकोड

विद्यार्थ्यांनी काढलेल्या एखाद्या पहिल्यावहिल्या अंकाचं मुखपृष्ठ बघा. खाली कोपऱ्यात, पांढऱ्या चौकटीत, बारकोड हमखास सापडतो. बहुतेक वेळा तो इंटरनेटवरून उचललेला असतो. स्कॅन केला तर शाम्पूची बाटली निघायची. नियतकालिकाच्या बारकोडचं काम खरं तर अगदी नेमकं आहे. त्यातले १३ आकडे ९७७ पासून सुरू होतात, पुढचे सात त्या नियतकालिकाच्या आयएसएसएन (म्हणजे नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांकातले, मग दोन आकडे किंमत किंवा आवृत्ती बदलली तर ते कळावं म्हणून, आणि शेवटचा आकडा आधीचे बरोबर वाचले गेले का हे तपासायला. दुकानदाराने काउंटरवर यंत्र फिरवलं की विक्रीची नोंद व्हावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. जो अंक दुकानात जाणारच नाही, ज्याला किंमतच नाही, जो वर्गाबाहेरच्या बाकावर गठ्ठ्याने ठेवला जाणार आहे, त्याच्या मुखपृष्ठावरची सुमारे ३७ बाय २६ मिलिमीटरची जागा अडवून हा इथे काय करतो? विचारलं की उत्तर येतं, "मासिकावर असतो ना!"

हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. हातात आलेली वस्तू मासिक आहे हे वाचकाला क्षणात कळायला हवं, आणि ते ज्या खुणांवरून कळतं त्या खुणा ठरून गेलेल्या आहेत. त्यांनाच संकेत म्हणायचं. फक्त प्रत्येक संकेत हे कधीतरी, कुणालातरी पडलेल्या अडचणीचं उत्तर असतं. ती अडचण आपली आहे का हे न बघता नुसतं उत्तर उचललं की त्याचा बारकोड होतो. म्हणून वाचकांचा अभ्यास आणि मांडणीचा अभ्यास वेगवेगळ्या फायलींत ठेवून भागत नाही. होतं मात्र नेमकं तेच. चारजण प्रश्नावली फिरवतात, दुसरे चारजण मासिकं चाळून रंग आणि फॉन्ट ठरवतात, आणि दोघांचे तक्ते एकमेकांना न भेटताच अंक छापायला जातो.

मुखपृष्ठाचंच घ्या. महत्त्वाचे मथळे डाव्या बाजूच्या एक तृतीयांश पट्टीत ठेवावेत, असं शिकवलं जातं. का? तर विक्रीच्या मांडणीवर अंक एकावर एक सरकवून ठेवलेले असतात आणि प्रत्येकाची डावी पट्टीच तेवढी दिसते. नाव सगळ्यात वर का? तर रॅकमध्ये पुढच्या अंकामागून मागच्या अंकाचा फक्त माथा डोकावतो. दोन्ही उत्तरं चोख आहेत, पण ती रॅकसाठी आहेत. तुमचा अंक टेबलावर सपाट पडलेला असेल, तर डाव्या पट्टीला विशेष मान द्यायचं काहीच कारण नाही. सपाट पडलेल्या अंकाकडे माणूस उभ्याने, दीड-दोन मीटरवरून आणि बऱ्याचदा उलट्या बाजूने बघतो. तिथे सहा बारीक मथळ्यांपेक्षा एक मोठं चित्र आणि एक ओळ जास्त उपयोगाची. अंक फोनवरच्या गटांत फिरणार असेल तर मुखपृष्ठ आधी अंगठ्याच्या नखाएवढंच दिसतं. तिथे चित्र आणि नाव उरतं, बाकी सगळं मुंग्या.

मॉडेलचं डोकं नावाच्या पुढे आणून त्यातलं एखादं अक्षर झाकायचं, ही आणखी एक आवडती लकब. प्रस्थापित मासिकांना ती परवडते, कारण वाचकाने ते नाव शंभर वेळा पाहिलेलं असतं. अर्धं दिसलं तरी बाकीचं तो मनाने भरतो. नव्या अंकाला ही सवलत नाही. देवनागरीत तर धोका दुप्पट. रोमन अक्षराचा तुकडा झाकला तर अक्षर अंदाजाने कळतं. इथे 'दिशा' नावाच्या अंकाच्या मुखपृष्ठावर कुणाच्या केसांनी पहिली वेलांटी झाकली की अंकाची 'दशा' होते. नॅशनल जिऑग्राफिकची पिवळी चौकट १९१० पासूनची, टाइमची लाल चौकट १९२७ पासूनची. नुसत्या चौकटीवरून ओळख पटते ती एवढ्या दशकांच्या पुनरावृत्तीने. विद्यार्थ्यांच्या अंकाची अडचण अशी की वर्षाला एक-दोन अंक निघतात आणि दरवर्षी चमू बदलतो. नवा चमू आला की पहिलं काम नाव नव्या फॉन्टमध्ये लिहिणं. ओळख टिकवायची तर नावाची मूळ फाइल, दोन ठरलेले रंग, फॉन्टची नावं आणि समासाची मापं एका पानावर लिहून पुढच्यांच्या हातात द्यावी लागतात. याहून मोठी नियमावली कुणी वाचत नाही.

आता हे संकेत शोधायचे कसे? 'आकर्षक रंगसंगती', 'युवा पिढीला भावेल अशी मांडणी' असल्या नोंदींचा उपयोग शून्य. पट्टी घ्या आणि मोजा.

सहा ते आठ अंक पुरतात, पण निवडताना थोडं डोकं लावावं लागतं. दोन असे, जे तुमचे वाचक खरोखर हातात घेतात, मग ते तुम्हाला कितीही उथळ वाटोत. दोन तुमच्या विषयाच्या जवळचे. एक-दोन पूर्ण वेगळ्या जातीचे, म्हणजे स्वयंपाकाचं किंवा यंत्रसामग्रीचं मासिक. कारण आपल्या जातीतला संकेत कोणता आणि मासिक या प्रकाराचाच संकेत कोणता, हे परका अंक शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि तुमच्याच संस्थेचे जुने अंक, मिळतील तितके.

प्रत्येक अंकाचं एक साधं पान निवडा, लेखाची सुरुवात नसलेलं. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिलने फक्त ठोकळे काढा: मजकुराच्या कॉलमचा आयत, चित्राचा आयत, मथळ्याची पट्टी, पानाचा आकडा. शब्द नकोत, चित्र नको. त्याच अंकाची आठ पानं अशी आठ कागदांवर उतरवा, पानाच्या कडा जुळवून ते कागद एकावर एक ठेवा आणि गठ्ठा खिडकीच्या काचेला लावा. ज्या रेघा आठही कागदांवर एकाच जागी येतात त्या गडद दिसतात. वरचा समास, कॉलमच्या कडा, सगळे मजकूर जिथून सुरू होतात ती अदृश्य आडवी रेघ. हाच त्या अंकाचा सांगाडा, मांडणीवाले ज्याला ग्रिड म्हणतात तो. चांगल्या अंकात चित्रं वाटेल तशी उधळलेली वाटतात, पण काचेवर बघितलं की त्यांच्या कडा त्याच पाच-सहा रेघांना चिकटलेल्या असतात. विद्यार्थ्यांच्या अंकाचा गठ्ठा काचेला लावला की बहुधा राखाडी धुकं दिसतं. प्रत्येक पान वेगळ्या माणसाने, वेगळ्या रात्री लावलेलं असतं.

मग ओळी. मजकुराचा आकार डोळ्यांनी ओळखता येत नाही, पण दोन ओळींमधलं अंतर मोजता येतं. एका ओळीच्या शिरोरेषेपासून खालच्या दहाव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत पट्टी लावा आणि दहाने भागा. समजा ५६ मिलिमीटर आले, म्हणजे एका ओळीला ५.६. एक पॉइंट म्हणजे एक इंचाचा बहात्तरावा भाग, ०.३५३ मिलिमीटर, म्हणजे हे अंतर झालं सुमारे १६ पॉइंट. आता आपल्या कागदावर तोच मजकूर १०, ११ आणि १२ पॉइंटमध्ये, याच अंतराने छापून शेजारी ठेवला की मूळ आकार कोणता ते कळतं. फॉन्ट बदलला की त्याच ११ पॉइंटमधली अक्षरं लहान-मोठी दिसतात, म्हणून नुसता आकडा ऐकून नक्कल करण्यात अर्थ नाही.

यापुढे मोजायचं ते असं: पानाचा आकार, चारही समास, कॉलम किती आणि किती रुंद, मथळ्यात शब्द किती, मुखपृष्ठावर ओळी किती, लेखाच्या पहिल्या पानावर चित्राने किती जागा घेतली, एका पानावर साधारण किती शब्द. हे तक्त्यात भरताना शेवटी एक रकाना वाढवा, 'कशासाठी'. आतला समास बाहेरच्यापेक्षा मोठा, कशासाठी? अंक उघडल्यावर मधली बाजू वळते आणि अक्षरं घळीत जातात. बाहेरचा समास मोकळा, कशासाठी? तिथे अंगठा असतो. लेखातलं एखादं वाक्य मोठ्या अक्षरांत मध्येच चौकटीत दिलंय, कशासाठी? पानं उलटत जाणाऱ्याला थांबवायला. ज्या नोंदीचा हा रकाना प्रामाणिकपणे भरता येत नाही, ती नोंद पुढे न्यायची नाही. बारकोड इथेच गळतो.

(जाता जाता शब्दांचा एक घोळ. मांडणीच्या पुस्तकांत 'मास्टहेड' सापडतं. ब्रिटिश वापरात ते मुखपृष्ठावरचं नाव, अमेरिकन वापरात आतली संपादक मंडळाची यादी. चमूतल्या दोघांनी दोन पुस्तकं वाचली असतील तर तासभर भांडण होऊ शकतं. 'अंकाचं नाव' म्हणावं आणि सुटावं.)

वाचकांकडे वळू. 'आमचा वाचक म्हणजे सर्व विद्यार्थी' या वाक्याने सुरुवात झाली की अभ्यास तिथेच संपतो, कारण सर्वांसाठी निवड करता येत नाही. त्यानंतरची पायरीही घसरडी असते: काल्पनिक वाचक. एकोणीस वर्षांची, संगीत आवडणारी, कॉफी पिणारी, समाजाबद्दल आस्था असणारी एक मुलगी रंगवली जाते, तिचं नाव ठरतं, चित्रसुद्धा काढलं जातं. हे सगळं एकाही माणसाशी बोलण्याआधी. ती मुलगी बारकाईने बघितली तर संपादकच निघते. असा वाचक रंगवायला हरकत नाही, पण तो माहिती गोळा झाल्यानंतर, आणि त्यातली प्रत्येक रेघ कुठल्या उत्तरावरून आली ते दाखवता आलं पाहिजे. नाहीतर ती कुंडली.

नियतकालिकाने आपल्या वाचकांवरून सगळ्या जगाचा अंदाज बांधला तर काय होतं, याचं सगळ्यात महाग उदाहरण एका नियतकालिकाचंच आहे. अमेरिकेतल्या लिटररी डायजेस्टने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांच्या हिशेबाने रिपब्लिकन उमेदवार लँडन सहज जिंकणार होते. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं पदावर असलेल्या रूझवेल्टनी घेतली. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या याद्या, मोटारगाड्यांच्या नोंदी आणि स्वतःचे वर्गणीदार यांच्यातून. मंदीच्या त्या वर्षांत टेलिफोन आणि मोटार असणारे लोक कोण होते हे वेगळं सांगायला नको. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवलं ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते. दोन वर्षांत, १९३८ मध्ये, ते नियतकालिकच बंद झालं. वीस लाख उत्तरांनी जे साधलं नाही, ते आपल्या मित्रमंडळाच्या गटात टाकलेल्या फॉर्मच्या साठ उत्तरांनी साधेल, असं मानणारे चमू दरवर्षी निघतात.

संस्थेत दोन हजार विद्यार्थी असतील, तर नीट निवडलेले शंभर पुरतात. 'नीट निवडलेले' म्हणजे यादीतून चिठ्ठ्या टाकून. ते जमत नसेल तर निदान प्रमाणात: शाखा कोणत्या, वर्षं कोणती, वसतिगृहात राहणारे किती, रोज ये-जा करणारे किती, हे आधी कागदावर मांडायचं आणि शंभरात तेच प्रमाण राखायचं. कुठे उभं राहून फॉर्म भरून घेता यावरही निकाल ठरतो. ग्रंथालयाच्या दारात विचाराल तर सगळे दीर्घ लेख वाचणारे भेटतील, मैदानावर विचाराल तर कुणीच नाही. तीन जागी, दोन वेगळ्या वेळी विचारावं. आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शंभरांतही दहा टक्के इकडेतिकडे होण्याची चूक गृहीत धरावी लागते. ६० टक्के लोकांना मुलाखती आवडतात, याचा अर्थ ५० ते ७० च्या मध्ये कुठेतरी. ५२ विरुद्ध ४८ असा निकाल लागला तर तो निकालच नाही. तिथे संपादकाने आपल्या अकलेने ठरवावं. चूक निम्म्यावर आणायची तर दुप्पट नव्हे, चौपट माणसं लागतात, सुमारे चारशे. तेवढी ताकद पुढे सांगितलेल्या कामांत घालवलेली बरी.

प्रश्न आठ-दहाच. 'तुम्हाला आमचं मासिक वाचायला आवडेल का?' हा विचारूच नये. समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणणारा विरळा. माणसाला पुढे काय करणार हे विचारलं की तो चांगलं वागायचं ठरवतो, मागे काय केलं हे विचारलं की आठवायला लागतो. म्हणून 'गेल्या आठवड्यात शेवटपर्यंत वाचलेला लेख कोणता? कुठे बसून वाचला? कागदावर की फोनवर?' 'मांडणी आणि मजकूर कसा वाटला?' यात दोन प्रश्न आहेत आणि उत्तर एकच मिळतं. वयाचे रकाने १६ ते १८ आणि १८ ते २० असे केले की अठरा वर्षांचा माणूस अडकतो. सगळ्यात वाईट प्रश्न म्हणजे 'तुमचा आवडता रंग कोणता?' निळा जिंकतो आणि मुखपृष्ठ निळं होतं. वाचकाने निळा शर्ट डोळ्यासमोर आणून उत्तर दिलेलं असतं. मुखपृष्ठाबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर तीन कच्ची मुखपृष्ठं प्रत्येकी पाच सेकंद दाखवावीत, झाकावीत आणि 'काय पाहिलंत?' एवढंच विचारावं. नाव कुणालाच आठवलं नाही, तर रंगावर चर्चा करायची वेळ अजून आलेली नाही. प्रश्नावली शंभरांना देण्याआधी पाचजणांकडून भरून घ्यावी आणि ते कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघावं.

बोलण्यापेक्षा बघण्यात जास्त मिळतं. जुन्या अंकाच्या वीस-वीस प्रती तीन जागी ठेवा, सोमवारी मोजा, शुक्रवारी मोजा. उपाहारगृहातून सोळा गेल्या आणि ग्रंथालयातून तीन, तर तुमचा वाचक खाता खाता वाचतो. त्याचा एक हात रिकामा नाही. टाकून दिलेल्या प्रती उचला. कुठलं पान दुमडलंय, कोड्यात पेन कुठवर चाललंय, चहाचा डाग कुठे पडलाय. दोघातिघांसमोर पाच-सहा मासिकांचा ढीग ठेवून गप्प बसा. कुणी मागून उघडतं, कुणी आधी फोटोंखालच्या ओळी वाचतं, अनुक्रमणिका बरेचजण ओलांडूनच जातात. यातलं काहीही प्रश्नावलीत कुणी लिहीत नाही, कारण आपण असं करतो हे त्यांना ठाऊकच नसतं.

अभ्यासक्रमात इथे सिद्धांतांची जंत्री जोडायची पद्धत आहे. ब्रिटनमधली ए, बी, सी१ अशी लोकांची सामाजिक वर्गवारी तर हटकून येते. ती घरातल्या मुख्य कमावत्या माणसाच्या व्यवसायावरून ठरते, आणि वर्गातल्या मुलाच्या हातात ती काहीच देत नाही. त्या मानाने १९७२ ची मॅक्वेल, ब्लूमलर आणि ब्राउन या माध्यम-अभ्यासकांची मांडणी कामाची: माणूस माध्यमांकडे जातो ते विरंगुळ्यासाठी, नात्यांसाठी, स्वतःची ओळख पडताळायला आणि आजूबाजूला काय चाललंय हे कळायला. अंकाच्या यादीतल्या प्रत्येक मजकुरापुढे या चारांतलं एक लिहून बघा. अर्ध्याहून जास्त यादीपुढे काहीच लिहिता येत नसेल, तर तो मजकूर वाचकासाठी नाही, अहवालासाठी आहे. अहवाल छापू नये असं नाही. तो मागच्या चार पानांत, बारीक, फोटोंसकट जाऊ द्यावा. त्यात आपला फोटो शोधणारा वाचकही वाचकच.

आता दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे. वाचकांच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीने मांडणीतलं काहीतरी बदललं पाहिजे, नाहीतर ती ओळ खोडावी. वाचक दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत वाचतो? मग तुमच्या वाचकांपैकी पाचजणांना ५०० शब्द वाचायला देऊन घड्याळ लावा. दहा मिनिटांत काय बसतं ते कळेल आणि लेखांची लांबी त्यावरून ठरेल. खाता खाता वाचतो? मग एका हाताने उघडा राहील असा लहान आकार, ए५, आणि सपाट उघडणारी मधली पिन. फोनवर वाचतो? मग ए४ ची दोन कॉलमची पीडीएफ पाठवणं म्हणजे त्याला छळणं. ए४ ची रुंदी २१० मिलिमीटर, फोनची साधारण ७०. सगळं एक तृतीयांशावर येतं आणि ११ पॉइंटचा मजकूर साडेतीन पॉइंटच्या आसपास उरतो. वाचक बोटांनी पान मोठं करतो, डावीकडून उजवीकडे ओढतो, तिसऱ्या ओळीला कंटाळतो. फोनसाठी अरुंद, एका कॉलमची वेगळी प्रत लावावी लागते. ते जमणार नसेल तर छापील अंकच सगळ्यांपर्यंत पोचवायचं बघावं.

इंग्रजी पुस्तकांतले मापांचे नियम देवनागरीला तसेच्या तसे लागू होत नाहीत, हे इथे सांगायलाच हवं. मजकुराच्या आकाराच्या सव्वापट ओळींचं अंतर, हा रोमन अक्षरांचा हिशेब. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. सव्वापटीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. दीडपटीच्या आसपास सुरुवात करावी आणि 'मूर्तीं', 'स्त्रियांनी', 'दृष्टी' असले शब्द एकाखाली एक आणून तपासावं. तीन कॉलमचा मोहही तसाच. ए४ पानावर १५ मिलिमीटरचे समास आणि कॉलममध्ये ५ मिलिमीटर सोडले तर एका कॉलमला सुमारे ५७ मिलिमीटर मिळतात. त्यात मराठीचे पाच-सहाच शब्द मावतात. अशा कॉलमच्या दोन्ही कडा सरळ करायला गेलं आणि 'विद्यापीठांमधल्यासुद्धा' असा एखादा शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत भगदाडं पडतात. दोन कॉलम घ्यावेत, किंवा तीन हवेच असतील तर उजवी कड मोकळी सोडावी. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी, म्हणजे ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे येतात. आणि लेखकांकडून मजकूर युनिकोडमध्येच मागावा. जुन्या फॉन्टांतला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की त्याची अगम्य बाराखडी होते, आणि रूपांतर केल्यावरही ऱ्य, ऱ्ह आणि रफार हाताने तपासावे लागतात.

छपाईचे संकेत मात्र जवळजवळ सगळेच तसेच्या तसे पाळावेत, कारण त्यांच्यामागची अडचण कागदाची आणि सुरीची आहे. ती सगळ्यांची सारखी. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचं तर ३ मिलिमीटर बाहेर वाढवायचं, नाहीतर कटिंग किंचित सरकलं की पांढरी रेघ येते. वाढीव कडांसह ए४ मुखपृष्ठाचं चित्र ३०० पीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल) सुमारे २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतं. मेसेजमधून आलेला १२८० पिक्सेल रुंदीचा फोटो याच हिशेबाने जेमतेम ११ सेंटिमीटर रुंद छापता येतो. मूळ फाइल मागवावी. बारीक मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवावा. चार शायांचा काळा केसभर हलला की अक्षरांना रंगीत सावली पडते. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मंद होतो. दुःख करून उपयोग नाही, आधी एक पान छापून बघावं. फोटोवर मजकूर टाकायचाच असेल तर त्याखाली गडद पट्टी द्यावी. लाल-हिरव्याच्या फरकावर आलेख उभा करू नये, काही वाचकांना तो फरक दिसतच नाही.

पानांची संख्या चाराच्या पटीत, हेही कागदाचंच म्हणणं. २४ पानी ए४ अंक म्हणजे ए३ चे सहा कागद, एकात एक घडी घालून मध्ये पिन. एका कागदाच्या एकाच बाजूवर येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी २५ होते: १ आणि २४, २ आणि २३. फक्त १२ आणि १३ ही समोरासमोरची पानं एकाच सलग कागदावर येतात, म्हणून दोन पानांवर पसरलेला मोठा फोटो तिथे ठेवायचा. तो ६-७ वर ठेवला तर त्याचे दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि जोडावर चेहरा मिलिमीटरभर सरकतो. आतले कागद घडीमुळे किंचित बाहेर येतात आणि कटिंगमध्ये तेवढे जास्त कापले जातात, तेव्हा पानाचा आकडा कडेपासून निदान १० मिलिमीटर आत हवा.

हे सगळं लावून झालं की डमी, म्हणजे अंकाची नमुना प्रत. घरगुती छपाईयंत्रावर, काळ्या-पांढऱ्यात चालेल, पण मूळ आकारात, घडी घालून, पिन मारून. पडद्यावर २०० टक्के मोठं करून बघितलेलं पान काहीच सांगत नाही. वेबसाइट आणि सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांच्या जगात जेकब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की चाचणीच्या एका फेरीत पाचजण बसवले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. डमीलाही हे लागू पडतं. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की पाचजण अडचण शोधून देतात, किती लोकांना ती आहे हे सांगू शकत नाहीत. चमूबाहेरचे पाचजण निवडावेत. अंक हातात द्यावा, 'कसा वाटला?' विचारू नये. त्यांचा अंगठा कुठे थांबतो, कुठलं पान दोनदा उलटलं जातं, लेख पुढच्या पानावर चालू आहे हे कुणाला कळलं नाही, ते टिपावं. 'अमुक लेख शोधून दाखवा' असं एक काम द्यावं आणि सेकंद मोजावेत. तिघांनी सातवं पान न बघताच पुढे उलटलं, तर सातव्या पानात काहीतरी बिघडलंय. बहुधा सहाव्यावरच्या जाहिरातीसारखीच चौकट सातव्यावरच्या लेखाला दिलेली असते आणि तो लेखही जाहिरातच समजला जातो. चौकट काढायची, मथळा वर घ्यायचा आणि त्या कागदाचं प्रूफ पुन्हा काढायचं. सातवं बदललं की आठवं, सतरावं आणि अठरावंही डोळ्यांखालून घालायचं, कारण ती चारही एकाच कागदावर आहेत.